मोरीतलं गोणपाट

दुपारची जेवणं झाली आणि स्वयंपाकघरामागच्या मोरीतून ताटांचा खणखणाट सुरू झाला. घाटावरच्या एका ख्रिस्ती आश्रमात ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं मौन शिबिर चाललं होतं. आम्ही पुढच्या ओसरीवर डोळे मिटून बसलो होतो. स्टीलचं ताट ताटावर आदळायचं, मध्येच एखादी परात सिमेंटवर घरंगळायची, आणि ओसरीवर कुणाची तरी भुवई आक्रसायची. आयोजकांपैकी एक ताई उठून अनवाणी मागे गेल्या. "मावशी, जरा हळू हं. आत लोक ध्यानाला बसलेत." आवाज थांबला. नंतर नुसतीच घासणीची खसखस ऐकू येत राहिली. संध्याकाळी हातपाय धुवायला मागच्या अंगाला गेले तेव्हा पाहिलं, मावशींनी मोरीत तांदळाचं जुनं गोणपाट दुहेरी करून अंथरलं होतं. विसळलेलं प्रत्येक ताट त्या दोन्ही हातांनी त्यावर ठेवत होत्या, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं. गोणपाट भिजून जड झालं होतं, त्यात भाताची शितं अडकत होती, आणि दर थोड्या वेळानं उठून त्या ते बाहेर नेऊन झटकत होत्या.

आमच्या मौनापायी त्यांचं काम वाढलं होतं.

यात कुणी कुणाशी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. ताईंचा आवाज खरोखर मऊ होता, आणि मावशींच्या चेहऱ्यावरही राग नव्हता. तरी ते गोणपाट माझ्या डोक्यातून जाईना. रात्री झोपण्याआधी आम्हाला दिवसाची उजळणी करायला सांगितलं होतं. इग्नेशियस लोयोलाची ही जुनी पद्धत. लढाईत पाय मोडून पडलेला हा स्पेनचा उमराव 1522 साली मानरेसा गावी जाऊन राहिला, नदीकाठच्या गुहेत प्रार्थना करू लागला, आणि तिथे जे उमगलं त्यातून त्यानं पुढे साधनेचा एक क्रम बांधला. झाला दिवस सावकाश डोळ्यांपुढून न्यायचा. देव कुठे भेटला, आपण कुठे पाठ फिरवली, ते बघायचं. मी दिवस डोळ्यांपुढून नेला. सकाळचं धुकं आलं, स्तोत्र आलं, चाफ्याखालची शांत घटका आली, आणि मग ते गोणपाट आलं आणि तिथून पुढे दिवस सरकेच ना.

मौन माझ्या वाट्याला तसं उशिराच आलं. वसईतल्या आमच्या घरात प्रार्थना म्हणजे गलबला. संध्याकाळची घंटा झाली की रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू. आजी ओटीवरून सुरुवात करणार, आई वालाच्या शेंगा सोलता सोलता उत्तर देणार, काका वाडीतून विहिरीचा पंप बंद करून येईपर्यंत दुसरं रहस्य, म्हणजे जपमाळेचा दुसरा टप्पा, निम्मं झालेलं असायचं. मध्ये कुकरच्या शिट्ट्या, मध्ये 'कोंबड्या झाकल्या का रे?' आणि लगेच त्याच सुरात पुढचं 'नमो मरिया'. देवाला या सगळ्याची सवय असावी असंच आम्हाला वाटायचं. पुढे नोकरी, लोकल, आजारपणं या सगळ्यातून जाताना एका मैत्रिणीनं मला पहिल्यांदा अशा शिबिराला ओढून नेलं, आणि तिथे मला कळलं की शब्द संपल्यावरही प्रार्थना चालू राहते. पहिला दिवस डोक्यात नुसता बाजार भरतो: ऑफिसातला अपमान, जावेचं बोलणं, राहिलेलं लाइट बिल. मग कधीतरी तो पांगतो, आणि आपण स्वतःबद्दल जी गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलो ती किती सजवलेली आहे हे दिसायला लागतं. ते सुखाचं नसतं. पण त्यातून उठल्यावर माणसं जरा वेगळी दिसतात, हेही खरं. म्हणून मौनाची टिंगल मला करवत नाही. ते मला मिळालंय आणि मला ते हवंय.

शेवटच्या आधीच्या दिवशी चिंतनाला नेमका लूकच्या शुभवर्तमानातला मार्था आणि मरियेचा उतारा आला. येशू घरी येतो, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते, मार्था एकटी राबते आणि शेवटी तक्रार करते, आणि येशू म्हणतो की मरियेनं चांगला वाटा निवडला आहे. या उताऱ्यावरचं प्रवचन मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि दरवेळी चर्चमधून परतताना आई रस्त्यात एकच विचारायची, "मग त्या दिवशी जेवण कुणी केलं?" फादरांना तिनं हे कधी विचारलं नाही. ते आमच्यापुरतंच होतं.

आईचा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी एका जर्मन धर्मगुरूनं भर प्रवचनात घेतला होता हे मला फार नंतर कळलं. माइस्टर एकहार्ट हा डॉमिनिकन पंथाचा, पॅरिसला शिकवलेला, मोठा विद्वान. त्यानं हा उतारा उलटा करून वाचला. त्याच्या मते मरिया अजून शिकाऊ आहे, गोडी लागलीय म्हणून पायाशी बसलीय. मार्था पिकलेली आहे, तिला कामात असतानाही देव सुटत नाही, आणि म्हणून बहिणीनं त्या गोडीत अडकून पडू नये ही तिची काळजी आहे. तरुण साधकांना तर त्यानं स्पष्टच बजावलं होतं: संत पौलासारखी तुमची समाधी लागली असेल आणि तेवढ्यात एखाद्या आजाऱ्याला तुमच्या हातच्या वाटीभर सुपाची गरज आहे असं कळलं, तर समाधी सोडून उठा आणि सूप द्या. एकहार्टच्या मृत्यूनंतर, 1329 साली, पोपनं त्याची 28 विधानं आक्षेपार्ह ठरवली. सुपाचं वाक्य, माझ्या माहितीप्रमाणे, त्यातून सुटलं. आपल्याकडे जनाबाईच्या जात्याला हात लावायला विठोबा स्वतः येतो तेव्हा कुणी आक्षेप घेत नाही. पण जनी दळत होती ते नामदेवाच्या घरचं होतं, आणि ती त्या घरची दासी होती, हे आपणही भक्तीच्या उमाळ्यात पटकन ओलांडून जातो.

तर ही दासी. ख्रिस्ती साधनेच्या इतिहासात ती मला पहिल्यांदा ठळक दिसते ती चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, माक्रिनाच्या घरी. घराणं श्रीमंत, जमीनजुमला मोठा, दिमतीला गुलाम. माक्रिना थोरली. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो वारला, तिनं दुसऱ्याशी लग्न करायला नकार दिला आणि आईजवळ राहून प्रार्थनेचं जीवन पत्करलं. तिच्या धाकट्या भावानं, न्यिस्साच्या ग्रेगरीनं, तिचं चरित्र लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे ती आईसाठी स्वतःच्या हातांनी भाकरी भाजायची, जे त्या घरात गुलामांचं काम होतं. आणि दुसरी, तिनं आईला हळूहळू राजी केलं की ज्या बायका आजवर आपल्या दासी होत्या त्यांच्यासोबत आपण बरोबरीनं राहायचं: एकाच पंगतीला जेवायचं, तसलंच अंथरूण, तसलेच कपडे. मला हे वाचताना त्या आईचं फार नवल वाटतं. मालकीण म्हणून आयुष्य काढलेली बाई. पहिल्या रात्री कालपर्यंतच्या दासीशेजारी तसल्याच चटईवर पडताना तिला झोप लागली असेल का? आणि त्या दासीला तरी? ग्रेगरी ते सांगत नाही. तो दासींची नावंही सांगत नाही.

याच माक्रिनाचा भाऊ बेसिल. अथेन्समध्ये शिकून डोक्यात हवा गेलेला. बहिणीनं त्याला जमिनीवर आणलं असं ग्रेगरीच लिहितो. मग बेसिल इजिप्त, सिरियाकडे गेला, वाळवंटातले एकांतवासी साधू पाहिले, भारावला, परत येऊन नदीकाठी राहिला. पण एकट्यानं राहण्याबद्दल त्यानं पुढे जो प्रश्न लिहिला तो माझ्या मनातून जात नाही: एकटाच राहिलास तर पाय कुणाचे धुशील? 369 च्या सुमारास त्याच्या मुलखात, कप्पदुकियात, मोठा दुष्काळ पडला. बेसिलनं कोठारवाल्यांना उभं करून सुनावलं की तुझ्याकडे पडून आहे ती भाकरी भुकेल्याची आहे, तुझ्या पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे. पुढे शहराबाहेर त्यानं आजारी आणि निराधार लोकांसाठी इमारती उभ्या केल्या, कुष्ठरोग्यांसाठीसुद्धा.  कोठारवाल्यांना सुनावलेल्या त्या शब्दांत दानाची नव्हे, देणं फेडण्याची भाषा होती.

दीडेकशे वर्षांनी इटलीत बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले तेव्हा स्वयंपाकघराला एक अख्खं प्रकरण दिलं. सगळ्यांनी आळीपाळीनं आठवडाभर वाढायचं-रांधायचं. आजारी आणि मोठी जबाबदारी असणारे सोडून कुणाला सूट नाही. शनिवारी पाळी संपणाऱ्यानं पुसायची फडकी धुवायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि न फुटलेली परत मोजून द्यायची. वाढणाऱ्यांना जेवणाआधी थोडी भाकरी नि पेय द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील! दुसऱ्या एका प्रकरणात तो म्हणतो की कोठीच्या भांड्यांकडे वेदीवरच्या पात्रांसारखं बघावं. मला हा माणूस आवडतो. त्याला माणसाची कुरकुर ठाऊक आहे, आणि ती प्रवचनानं जात नाही, भाकरीनं जाते, हेही ठाऊक आहे.

पण गंमत अशी की एवढं लिहून ठेवलेलं असूनही मावशी परत आल्याच. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठांनी दोन दर्जे केले. एक गायनगृहात बसून लॅटिन स्तोत्रं म्हणणारे, आणि दुसरे शेत, गोठा, भट्टी सांभाळणारे श्रमिक बंधू. या दुसऱ्यांनी पुस्तक हाती घ्यायचं नाही, ठरलेल्या चार प्रार्थना तोंडपाठ म्हणायच्या. त्यांची बसायची जागा वेगळी, आणि यातून वर त्या दर्जात जायला वाट नाही. बेनेडिक्टच्या मूळ साधेपणाकडे परतायचं म्हणून निघालेला हा पंथ! शुद्ध मौनाची आस जितकी वाढली तितकी भांडी घासायला वेगळी माणसं लागली. तो दर्जाभेद पुसला गेला विसाव्या शतकात, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात.

थॉमस मर्टन हा संन्यासी-लेखक याच पंथाच्या, अमेरिकेत केंटकीतल्या मठात होता. 1941 च्या 10 डिसेंबरला आत गेला तेव्हा जगाकडे पाठ फिरवायचीच त्याची इच्छा होती. 18 मार्च 1958 ला काही कामासाठी तो लुईव्हिल शहरात गेला होता, आणि भर बाजारातल्या फोर्थ आणि वॉलनट रस्त्यांच्या चौकात त्याला एकाएकी जाणवलं की ही येणारी-जाणारी सगळी माणसं आपली आहेत, आपण त्यांच्यापासून वेगळे, पवित्र वगैरे असल्याची कल्पना हा एक भ्रम होता. (त्या वॉलनट स्ट्रीटचं नाव आता मुहम्मद अली बुलेव्हार्ड आहे. मुष्टियोद्धा अली त्याच गावचा.) एवढ्यावर थांबला असता तर ती एक छान आठवण झाली असती. पण नंतर तो अणुबॉम्बवर लिहू लागला, काळ्या माणसांच्या हक्कांवर लिहू लागला, व्हिएतनामवर लिहू लागला. 1962 मध्ये पंथाच्या वरिष्ठांनी त्याला युद्धाबद्दल छापायला मनाई केली. संन्याशाचं ते काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यानं छापणं थांबवलं आणि चक्रमुद्रित प्रती काढून मित्रांना धाडल्या. आज्ञाधारकपणाची ही तऱ्हा मला अगदी वसईकर वाटते. 1968 मध्ये तो भारतात आला, दलाई लामांना धरमशालेत भेटला, आणि 10 डिसेंबरलाच बँकॉकजवळ पंख्याचा शॉक लागून गेला. त्याची शवपेटी अमेरिकेला परत गेली ती लष्करी विमानातून, व्हिएतनाममध्ये मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्यांबरोबर.

आमच्याकडेही हे वाद झालेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रार्थनेवर, येशूवर लिहायचे, तोवर सगळे खूश. 1980 च्या दशकाच्या अखेरीला हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, वाड्यांवर बिल्डरांची आणि विहिरींवर टँकरची धाड आली आणि फादर मोर्चाच्या पुढे चालायला लागले, तेव्हा मात्र 'फादरांनी मिस्सा करावी, विहिरीत कशाला डोकावावं' म्हणणारी माणसं आमच्याच ओटीवर बसून चहा पिऊन गेलेली मला आठवतात. काका त्यांना काही बोलले नाहीत. पण आमच्या विहिरीचं पाणी तेव्हा मचूळ लागायला सुरुवात झाली होती, आणि तो चहा त्याच पाण्याचा होता. पुढे 2020 मध्ये फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचा अभिमान वाटणाऱ्यांत हेही होते.

आणि नगरच्या टिळकांचं घर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले दोघांनाही दार उघडं ठेवून. मोठंच धाडस. पण परिवर्तन म्हणजे काय हे मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे बघून जास्त कळतं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा 1900 चा. मधल्या वर्षांत नवरा ख्रिस्ती आणि बायकोची चूल वेगळी, सोवळ्याची. तिच्यावर कुणी प्रवचनं झोडली नाहीत असं नाही, पण जात देवानं केलेली नाही, माणसानं केलेली आहे, हे तिला तिच्याच विचारानं पटलं तेव्हाच ते सोवळं सुटलं. आणि सुटलं ते कुठे, तर स्वयंपाकघरात, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणाचं शिजवलेलं खायचं यात. पाटी कोरी झाल्यावर तिनं ती पुन्हा मळू दिली नाही. माक्रिनाच्या आईबद्दल ग्रेगरी जे सांगत नाही, ते बरंचसं लक्ष्मीबाईंनी स्वतः सांगून ठेवलंय, तेही हसत हसत.

मौन सुटलं त्या दुपारी मी मावशींकडे गेले. त्यांनी मान वर करून विचारलं, "सुटलं का तुमचं? मग आता वाजवते बाई." आणि खरोखर एक पातेलं दणकन ठेवलं. गप्पा झाल्या. ठेकेदारामार्फत काम, शिबिरं असतील तेव्हा सुट्टी नाही, शिबिरं तर दर आठवड्याला. मागच्या महिन्याचा पगार अजून यायचा होता. माझ्या डोक्यात बेनेडिक्ट, त्यामुळे मी उत्साहानं म्हटलं, "मावशी, पुढच्या वेळी आम्हीच पाळीपाळीनं भांडी घासली तर?" त्यांनी हातातली घासणी खाली ठेवली. "आणि मी काय करू? उद्या ठेकेदार म्हणेल, लोकं घासतात की, मग हिला कशाला ठेवायची." थोडं थांबून म्हणाल्या, "भांडी मी घासते. पगार एक तारखेला द्यायला सांगा, अन् आठवड्याला एक दिवस द्या."

बेनेडिक्टच्या मठात ठेकेदार नव्हता. मला मोकळं वाटलं असतं, हात साबणात बुडवून. फोटोही काढला असता कुणीतरी. त्यांना हवी होती ती तारीख आणि वार.

घरी आल्यावर आमच्या शिबिराच्या ग्रुपवर मी व्यवस्थापनाला पाठवायच्या पत्राचा मसुदा टाकला. दोनच मागण्या, ठेकेदाराचा उल्लेख, शेवटी आदरपूर्वक. निम्म्यांनी लगेच सही केली. काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, त्याचा अर्थ काय घ्यायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. एक निवृत्त प्राध्यापक आहेत, माझ्याहून कितीतरी वर्षं जास्त मौनात बसलेले, मला मनापासून आवडणारे. त्यांनी फोन केला. "आपण तिथे रिकामं व्हायला जातो गं, मागण्या करायला नाही." मी त्यांना सुपाचं सांगितलं. ते हसले, म्हणाले एकहार्ट त्यांनीही वाचलाय, पण त्यात ठेकेदाराला पत्र लिहा असं नाही. तेही बरोबरच. सही त्यांनी केली नाही, पण मावशींच्या मुलीच्या फीचे पैसे पाठवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, ते पाठवाच, आणि सहीचंही बघा.

व्यवस्थापनाचं उत्तर आलंय. साप्ताहिक सुट्टी मान्य; शिबिर असेल त्या दिवशी बदली बाई ठेवतील, त्यामुळे शिबिराचं शुल्क थोडं वाढेल. पगाराची तारीख हा ठेकेदाराचा अंतर्गत प्रश्न आहे असं लिहिलंय. वाढलेल्या शुल्कावरून ग्रुपवर आता खरी चर्चा पेटली आहे, पहिल्या पत्रावर एक शब्द न बोललेलेही तिच्यात आहेत. दुसऱ्या पत्राचा मसुदा प्राध्यापक बघून देतो म्हणालेत. पहिल्यातलं व्याकरण त्यांना पसंत पडलं नव्हतं.